बंद दरवाजांचा धडा

९ ऑगस्ट १९४८

घासलेट संपलं. म्हणून दिवसाउजेडीच लिहून घेतोय. मामीनं जाहीर केलं — आजपासून आमटीत अर्धंच मीठ, कुणी नाक मुरडायचं नाही. हिंदुस्थाननं नाकेबंदी केली ती निजामाला वठणीवर आणायला, आणि अळणी आम्ही खातोय!

वर्गात आज नऊ जण. गेल्या साली एक्केचाळीस होतो. बाकीच्यांनी कॉलेजवर बहिष्कार टाकला, निजामाविरुद्धच्या चळवळीत गेले. माझा थोरला भाऊ हिम्मतदादाही गेला — सरहद्दीपलीकडे, उमरखेडच्या कॅम्पात. मी राहिलो. का राहिलो ते इथं तरी खरं लिहितो. भीती वाटली. आणि मआशियात, म्हणजे अर्थशास्त्र, मनापासून आवडतं. दोन्ही खरं आहे.

कादरी साहेबांनी आज नवं प्रकरण काढलं. कौमी आमदनी — सबंध मुलखाचं उत्पन्न. एकाचा खर्च ती दुसऱ्याची कमाई, दुसऱ्याचा खर्च ती तिसऱ्याची. म्हणून सगळ्यांनी एकदम हात आखडला तर सगळेच कंगाल होतात! घरात काटकसर हा गुण आणि मुलखात तोच आजार. मी तर खुळ्यासारखा बघतच राहिलो. साहेब म्हणाले, आधी सोपं करून घेऊ. आयात नाही, निर्यात नाही, असा मुलूख धरू. लिहून घ्या. मी उतरवलं — "मान लीजिए, मुल्क के दरवाजे बंद हैं. न कुछ आता है, न जाता है. मुल्क अपनी पैदावार पर जिंदा है." उदाहरणाला आपल्याच रियासतीचे आकडे घेतले. ज्वारी, कापूस, कोळसा.

मागच्या बाकावरून एकानं टाळ्या वाजवल्या, जणू साहेबांनी नाकेबंदीला जवाबच दिला. साहेबांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, "यह सबक है मियां, नारा नहीं. अगले बाब में दरवाजे खोलेंगे." बाब म्हणजे प्रकरण; पुढच्या प्रकरणात व्यापार येणार. साहेबांचं हे शेवटचं बोलणं अर्थात कॉलेजच्या वहीत नाही. तिथं फक्त 'लिहून घ्या' म्हटलेलं.

१२ ऑगस्ट

मीठ मिळालं. पावशेर. मामा सकाळपासून रांगेत होते, कचेरीला खाडा झाला.

३० ऑगस्ट

गावाहून माणूस आला. रझाकारांनी आमची कडब्याची गंज पेटवली, मग घर. अप्पारावकाका विझवायला धावले. त्यांना गोळी घातली.

काकांनीच मला इथं आणून घातलं होतं. गौलीगुड्याला बसमधून उतरल्यावर माझी ट्रंक डोक्यावर घेऊन मामांचं घर शोधत हिंडले होते. "शिकून साहेब हो, पण उर्दूत आम्हांला पत्र धाडू नको, वाचायला गावात कुणी नाही," असं हसून म्हणाले होते.

संध्याकाळी मामीनं ताट वाढलं. मी जेवलो. चक्क जेवलो! आणि उद्या वर्गातही जाणार आहे.

१८ सप्टेंबर

काल रेडिओवर निजामानं शरणागती सांगितली. आज फौज आली. अफझलगंजच्या पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती. इतके तिरंगे शहरात कुठं लपले होते देव जाणे. मामा कधी रडत नाहीत, ते रस्त्यात उभे राहून रडले. मीही. काका असायला हवे होते.

येताना मुद्दाम कादरी साहेबांच्या गल्लीतून आलो. एकही खिडकी उघडी नव्हती. हाक मारावी असं वाटलं, मारली नाही.

२४ ऑक्टोबर

दादा आला. वाळलाय. डावा पाय ओढत चालतो. गल्लीनं हार घातले, मामीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या आबासाहेबांनी माझ्याकडे बोट करून विचारलं, हा धाकटा कुठल्या कॅम्पात होता? मामा म्हणाले, शिकत होता. दादा पायताण काढत होता. त्यानं मान वर केली नाही.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

२२ नोव्हेंबर

युनिव्हर्सिटी पुन्हा भरू लागली. आता हळूहळू सगळं इंग्रजीत होणार. हवंच होतं आम्हांला! घरी मराठी, शेतात मराठी, आणि शिकायचं उर्दूत — किती शिव्या दिल्या असतील. आता उर्दू चालली, तर माझ्याच पायाखालची जमीन सरकली. डोक्यातलं सारं अर्थशास्त्र उर्दूत आहे. त्याला इंग्रजीत नावच ठाऊक नाही.

कादरी साहेबांचीही तीच गत. आज इंग्रजीत शिकवायला उभे राहिले, दोन वाक्यं झाली, अडले. बहिष्कारावरून परतलेली पोरं हसली. साहेब थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तास संपल्यावर मला व्हरांड्यात बसवून तेच सगळं उर्दूत समजावलं. पाऊण तास! निघताना म्हणाले, धाकटी बहीण बीदरच्या बाजूला दिलीय, फौज आल्यानंतर तिकडं जाळपोळ झाली तेव्हापासून तिचं पत्र नाही. "येईल," असं मी म्हणालो. दुसरं काय बोलणार होतो?

५ डिसेंबर

जे केलं ते लिहिलंच पाहिजे.

दुपारी दादाचे दोस्त घरी जमले होते. रझाकारांना साथ देणाऱ्या मास्तरांविरुद्ध सरकारात दरख्वास्त द्यायची आहे, चौकशी कमिटी बसलीय. गंमत म्हणजे दरख्वास्त उर्दूतच लिहीत होते. इंग्रजी कुणालाच धड येईना! शब्द अडला की मला विचारायचे. मी सांगायचो. बरं वाटत होतं, आपलाही काही उपयोग आहे म्हणून. मग दादानं विचारलं, तुझ्या त्या कादरीचं काय रे?

आणि मी उठलो, आतून कॉलेजची वही आणली, ते पान काढलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मुल्क के दरवाजे बंद हैं. मुल्क अपनी पैदावार पर जिंदा है. तारीख, नाकेबंदीच्या ऐन मध्यातली. दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "माझा भाऊ डोळे उघडे ठेवून बसला होता तिथं."

इतकं बरं वाटलं! हा नुसता धडा आहे, हे वाक्य तोंडात होतं. गिळलं.

७ डिसेंबर

वही परत मागितली. दादा म्हणाला, कमिटीकडे गेली. पुठ्ठ्यावर माझं नाव आहे, ठळक अक्षरात.

१७ जानेवारी १९४९

कमिटीचं बोलावणं आलं. अधिकारी मद्रासकडचे, उर्दूचं अक्षर येत नाही. म्हणून कागद इंग्रजीत करून द्यायला, जबान्या लिहून घ्यायला जुन्या कचेरीतले कारकून बसवलेत. त्यांत आमचे घरचे मामाच, नामदेवमामा! माझ्या वहीचं ते पान त्यांनीच इंग्रजीत केलंय. एकच पान. जेवढं दिलं तेवढं केलं, असं म्हणतात.

तीन प्रश्न. अक्षर तुझं? हो. कादरींनी सांगितलेलं? हो. ही तारीख बरोबर? हो. मग अधिकाऱ्यानं काहीतरी म्हटलं आणि मामांनी माझ्याकडे बघत मराठीत विचारलं, "आणखी काही सांगायचंय का, यशवंता?"

बाहेर दादा उभा होता. दारातून त्याचा खांदा दिसत होता.

"नाही," म्हणालो.

१८ जानेवारी

एक अक्षरही खोटं बोललो नाही. हेच तर वाईट.

२९ जानेवारी

कादरी साहेबांना तूर्त वर्गावर यायची मनाई. त्यांच्या तासाला कुणी तरुण मास्तर येतो, इंग्रजी फाडफाड. एक शब्द कळत नाही. बहिष्काराच्या काळात वर्गात बसलेल्या आम्हां नऊ जणांचे परीक्षेचे फॉर्मही चौकशीसाठी अडवून ठेवलेत. वर्ष जाणार की काय! आणि मला साहेबांपेक्षा स्वतःच्या वर्षाचं दुःख जास्त होतंय. एक नंबरचा स्वार्थी आहे मी.

३ फेब्रुवारी

अफझलगंजच्या लायब्ररीत दिवसभर होतो. लंडनमध्ये छापलेलं पुस्तक, शेजारी डिक्शनरी. राष्ट्रीय उत्पन्नाचं प्रकरण काढलं. तिसरी ओळ — समजा, एका देशाला परदेशी व्यापार मुळीच नाही. दुसरं पुस्तक काढलं, तेच. तिसरं काढलं, तेच! सगळं जग हा धडा इथूनच सुरू करतं. आधी बाहेरचा व्यापार नाही असं धरायचं, हिशेब मांडायचा, मग पुढच्या प्रकरणात व्यापार आणायचा. आमचं पुढचं प्रकरण झालंच नाही, मध्ये सप्टेंबर आला.

आधी हसू फुटलं. मग टेबलावर डोकं ठेवून बसलो. लायब्ररीवाल्यानं येऊन विचारलं, तबियत ठीक आहे ना?

तिन्ही पानं उतरवून घेतली. कमिटीपुढे ठेवणार.

४ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. कागद दाखवले. त्यानं नीट पाहिले, फेकले नाहीत. मग म्हणाला, "ज्या महिन्यात काकांना मारलं, त्या महिन्यात तुझे साहेब 'मुल्क जिंदा है' म्हणत होते. मला एवढंच कळतं."

मी म्हणालो, तो धडा सगळीकडे असाच शिकवतात. टाळ्या वाजवणाऱ्याला त्यांनी झापलं होतं, मी तिथं होतो.

"तू तिथं होतास, तेच तर. जा, सांग. पण माझा भाऊ म्हणून जाऊ नकोस."

तो रागावून बोलला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला. त्याचंही चूक नाही. काकांना त्यानं शेवटचं डोळे भरून पाहिलंसुद्धा नाही, तेराव्यालाही येता आलं नव्हतं. पण साहेबांनी काय केलं होतं काकांना?

मामांचं एकच — हात दाखवून अवलक्षण करू नको, फॉर्म आधीच अडकलाय.

८ फेब्रुवारी

कमिटीच्या फाटकापर्यंत गेलो. परत आलो.

१० फेब्रुवारी

आजही. फाटकावरचा शिपाई आता मला ओळखतो. "क्या मियां, आज भी नक्को?" म्हणाला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ फेब्रुवारी

गेलो! एकदाचा गेलो. घरी दादाच्या पाया पडलो, कुठं निघालो ते सांगितलं. त्यानं पाय मागे घेतला नाही.

काल चार पानं लिहून ठेवली होती. धडा काय होता, का होता, टाळ्या कुणी वाजवल्या, साहेब काय म्हणाले. वही मी स्वतः दिली हेही लिहिलं होतं. मामा आज दौऱ्यावर, म्हणून दुसऱ्या कारकुनापुढे कागद ठेवले. त्यानं नाव वाचलं आणि कागद तसेच परत सरकवले. कादरींची फाईल शुक्रवारीच संपली म्हणे. त्यांनी कबूल केलं. नोकरी गेली.

कबूल केलं? साहेबांनी?

आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? हायसं वाटलं. म्हणजे दादाचंच खरं होतं, मीच भोळा, माझ्या 'नाही'नं काही बिघडलं नाही! घरी येताना पाय हलके पडत होते. मामीनं धपाटी केली होती, चार खाल्ली. दादालाही सांगितलं. तो म्हणाला, बघ.

१६ फेब्रुवारी

मामा दौऱ्याहून आले. साहेबांची जबानी त्यांनीच लिहून घेतली होती, घरी बोलले नव्हते. साहेबांपुढे माझी वही ठेवली, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्यावरचं नाव पाहिलं आणि विचारलं, मुलगा कुठं आहे, कोठडीत? त्यांना वाटलं, वही माझ्या घरची झडती घेऊन जप्त केली. अधिकाऱ्यानं उत्तर दिलं नाही. मग साहेबांनी बचावाचं काहीच लिहवलं नाही. दोनच वाक्यं लिहवली — "अल्फाज मेरे हैं, लड़के ने सिर्फ लिखा है. उसे इम्तिहान से न रोका जाए." आणि सही केली.

मी विचारलं, तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलंत? मामा म्हणाले, "काय सांगू? वही तू आपल्या हातानं दिलीस, हे?"

माझा फॉर्म आज मंजूर होऊन आला.