बाबांची ड्युटी

कामोठे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय गोजराताई,
सप्रेम जयभीम.

तू फोनवर बाबांचं विचारतेस आणि मी ‘ठीक आहेत’ म्हणून विषय संपवतो. आज रविवार, म्हणून सविस्तर लिहितोय.

काल त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. विसरण्याचा हा आजार मागे फिरणार नाही, हे ठाऊकच आहे. पण वर्षभरात बाबा एकदाही पडले नाहीत, वजन तीन किलोंनी वाढलंय, झोपेची गोळी आता अर्धीच. मला ते मुकादम समजतात. आणि सुनेला, शर्मिलाला, ‘आये’ म्हणतात.

तुला आठवतं, सकाळ झाली की बाबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामावर निघायचे? “रिटायर होऊन वीस वर्षं झाली, बाबा!” असं ओरडून मी कडी लावायचो. मग ते दारावर डोकं आपटायचे.

एक दिवस शर्मिलाने ती कडी काढली. “चला बाबा, डबा भरलाय. उशीर होईल.” त्यांना सोसायटीच्या बागेत नेऊन बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसली. अकराला वॉचमन येऊन म्हणाला, “बाबा, सुट्टी झाली.” त्याला तिनेच सांगून ठेवलं होतं. बाबा हसत घरी आले, पोटभर जेवले. तेव्हापासून रोज ड्युटी. त्यासाठी तिने सकाळचा शिवणक्लास बंद केला. हे सगळं तिला कुणी शिकवलं नाही, ताई.

काल डॉक्टरांनी विचारलं, “घरी कोण बघतं?” मी म्हणालो, “आम्ही दोघं.” शर्मिला बाबांच्या शर्टाची बटणं लावत राहिली. रिक्षात मला तिच्याकडे बघवेना.

आता खरं लिहितो. गेल्या वर्षी तुला कपाटावर वृद्धाश्रमाचा फॉर्म सापडला, तो मी आणला होता. शर्मिला तर म्हणाली होती, “बाबा तिकडे गेले तर मीपण त्यांच्याबरोबर जाईन.” तू तिला विचारलंस, “सासरा जड झाला का गं तुला?” तेव्हा मी तिथेच उभा होतो. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तुझ्यासाठी चहा टाकायला आत गेली. त्यानंतर तू आमच्याकडे आली नाहीस. आणि तिने मला आजवर एका शब्दाने विचारलं नाही, की का गप्प बसलात.

हे पत्र मी तिला वाचून दाखवलं. तिने बाबांचा उद्याचा डबा पुसून ठेवला. मग म्हणाली, “ताईंना लिहा, बाबा सकाळी खुशीत असतात. तेव्हा या.”

ये, ताई. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, आधी तिच्याशी बोल.

त्या दिवशी गप्प उभा राहिलेला,
तुझा भाऊ
अंकुश