कलम पाच, तेही फुकट

चि. सुदर्शन यास,

निरगुडसरहून रामनाथकाकाचे अनेक आशीर्वाद. (रागात लिहितो आहे, तरी आशीर्वाद खरे आहेत.) तुझी तब्येत बरी असेलच. मुंबईत गार खोलीत बसून राज्याचे कायदे इंटरनेटवर चढवणाऱ्याला काय धाड भरली आहे? तुझी काकू धोंडाबाई ठीक आहे. तिचे गुडघे दुखतात आणि ते ऐकून माझे कान. माझ्या तब्येतीचं विचारशील, तर ती तुझ्या ऑफिसनं बिघडवली.

आधी तुझं अभिनंदन करतो. पूर्वी एखाद्याला कायदा हवा असला की तालुक्याला जायचं, साहेब जेवायला गेलेत हे ऐकायचं, दोन चहा पाजायचे, आणि उद्या या म्हटलं की परवा जायचं. त्यात ओळखी वाढायच्या, जिव्हाळा होता. आता तुम्ही मंडळींनी सगळे कायदे मराठीत, फुकट आणि रविवारीसुद्धा उघडे ठेवलेत! ना अर्ज, ना शिक्का, ना कुणाला नमस्कार. शेळ्या राखणारासुद्धा बाभळीखाली बसून अधिनियम वाचतो. इतकं सोपं करून ठेवल्यावर लोकांना कायद्याचा धाक कसा वाटायचा, याचा विचार तुमच्या त्या गार खोलीत कुणी केला होता का?

आपल्या घरातलं लाल फडक्यात बांधलेलं कायद्याचं जाड पुस्तक तुला आठवत असेल. बांध, पाणी, वाटणी, कुत्रं चावणं, गावातलं सगळं मी तीस वर्षं त्या पुस्तकावर हात ठेवून निकाली काढलं. मी फडकं सोडायला लागलो की निम्मे लोक तिथंच तडजोडीला यायचे. आत काय लिहिलंय हे विचारण्याचा आगाऊपणा कुणी केला नाही. (मीही नाही.)

आता मुद्द्यावर येतो. आपल्या भावकीतल्या साळुबाईवहिनी, ज्यांचं शेत आपल्या शेतामागं आहे. त्यांची गाडीवाट आपल्या रानातून जाते. आजोबांच्या काळापासून जाते, हे मी तुझ्यापुरतं कबूल करतो. पण त्यांच्या ट्रॅक्टरनं गुरांसाठी लावलेल्या माझ्या घासाची कड दोनदा चेपली, म्हणून मी वाटेवर काटेरी तार ठोकली. तेव्हापासून त्या टोमॅटोचे कॅरेट डोक्यावर घेऊन ओढ्यातून सडकेला आणतात. (या वयात व्यायाम चांगला.) तरी बाई भांडायला आल्या नाहीत, सल्ला विचारायला आल्या, आणि तोही माझ्याकडंच! मी फडकं सोडलं, चष्मा लावला आणि सांगितलं की वाट अडवली तर कायद्यानं सहा महिने थांबायचं आणि मगच अर्ज करायचा. त्या बरं म्हणाल्या. जाताना पदरातले दहा-बारा टोमॅटो काकूच्या हातात देऊन गेल्या. कालवण चांगलं झालं होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण त्यांची नात वृषाली मंचरला कॉलेजात जाते. एका संध्याकाळी भिमाजीच्या दूध डेअरीत सगळं गाव कॅन घेऊन उभं असताना तिनं मोबाईल काढला आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मामलेदार न्यायालये अधिनियम, कलम पाच. वाट अडवली असेल तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, पण दावा सहा महिन्यांच्या आत करायला हवा. आत! आणि सहा महिने भरायला फक्त नऊ दिवस राहिले होते. (मी कॅलेंडरवर खुणा करत होतो. काकूला वाटलं, उपासाच्या आहेत.) साळुबाईवहिनी म्हणाल्या, “भावजी, तुमी तर नंतर म्हनला व्हता. मी लई इश्वासानं आले व्हते.”

आयुष्यात मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या, एकही अंगाला लागली नाही. हे मात्र लागलं. तरी माघार कशी घ्यायची? म्हणालो, माझ्या पुस्तकात तसंच आहे. “मग दाखवा की, आजोबा,” वृषाली म्हणाली. भिमाजीला तर एरवी दूध मोजायला सवड नसते, पण तो मोटारसायकल काढून स्वतः पुस्तक घेऊन आला. उघडलं तर ते इंग्रजीत, आणि वृषालीनं वाचलं तर वजनमापांच्या कायद्याचं निघालं. त्याच पुस्तकावर मी तीस वर्षं न्याय केला आणि एकाही मापाची तक्रार आली नाही, हे कुणी लक्षातच घेत नाही.

वहिनींनी दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. सोमवारी तारीख आहे. गावात मी तोंड उघडलं की भिमाजी विचारतो, “कितवं कलम, राव?” घरात दुसरा चहा मागितला तरी काकू तेच विचारते. तुमच्या त्या लोककल्याणाचं एवढंच फळ माझ्या पदरी पडलं. बाकी सर्व क्षेम. सूनबाईंना आशीर्वाद.

तुझा न्यायप्रिय,
रामनाथकाका

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. ते कलम पाच सोमवारपर्यंत तेवढं साइटवरून काढून ठेव. ‘काम चालू आहे’ अशी पाटी लाव. सरकारी साइट आहे, कुणाला संशय येणार नाही.

ता. क. २. पाकीट चिकटवण्याआधी काकूनं पत्र वाचलं. पत्रावर पक्कड आणून ठेवली आणि मला जेवायला वाढलं नाही.

ता. क. ३. तार मी स्वतः काढली. कुणाच्या दबावाखाली नाही, भूक लागली होती. तेव्हा वरची सूचना रद्द समज, कलम राहू दे. वहिनींचा ट्रॅक्टर आज वाटेनं गेला आणि घासाची कड पुन्हा चेपली. सोमवारची तारीख मात्र आहेच. आपण होऊन तार काढणाऱ्याविषयी कायदा काय म्हणतो, ते मोठ्या अक्षरात कागदावर छापून पाठव. मोबाईलवर मला वाचता येत नाही. वृषाली वाचून दाखवते म्हणाली, फुकट. पण ती वाचताना एकही शब्द गाळत नाही, आणि शेजारी साळुबाईवहिनी बसलेल्या असतात.