वस्तीचा नकाशा कोणी दिला?

चंद्रपूर, ९ जानेवारी १९८४

चि. सत्यशीलेस लटारूभाऊचा जयभीम व अ. आ.

वि. वि. आम्ही खुशाल आहो. तुह्या भाचीचा खोकला गेला.

दिवाळीत तू वस्तीत घरोघरी हिंडून माणसं लिहून नेली, घरांचा नकाशाबी काढून नेला. शहरातल्या आपल्यासारख्यांवर पहिल्यांदाच कोणी अभ्यास करून राह्यलं, याचा मले मोठा अभिमान वाटला. गेल्या हप्त्यात सरकारी जीप आली अन् दारादारावर चुन्यानं नंबर टाकून गेली. तुह्या नकाशात आपलं घर सत्तेचाळीस होतं. जीपवाल्यानंबी सत्तेचाळीसच टाकला. शेजारची सुकरीबाई नळावर सर्वांसमोर म्हणाली का प्रोफेसरीण आमचा चहा पिऊन आमचंच घर विकून गेली. मी भांडलो तिच्याशी. पण खरं सांग, नकाशा कोणाले देला?

उत्तराची वाट पाहणारा,
लटारू

पुणे, १६ जानेवारी १९८४

ती. भाऊस सत्यशीलेचा सविनय जयभीम.

पत्र मिळालं. सुकरीबाईनं म्हणावं, पण तुम्हीसुद्धा? नकाशा विद्यापीठात आमच्या विभागाच्या कपाटात आहे, किल्ली माझ्या मार्गदर्शक सरांकडे. धानोऱ्याच्या जंगलातून, चामोर्शीच्या धानाच्या शेतांतून निघालेली माणसं शहरात घर कसं उभं करतात, हा अभ्यासाचा विषय आहे, हे सगळ्यांआधी सरांनी मानलं. त्यांच्यावर शंका घेऊ? जीपवाल्यांनी आपले आपण नंबर टाकले असतील.

रागावलेली, तरी तुमचीच,
सत्यशीला

पुणे, २ फेब्रुवारी १९८४

ती. भाऊस जयभीम.

मागचं पत्र फाडून टाका. घरं खाली करायची नोटीस आल्याची तुमची तार मिळाली, तेव्हा सरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, अभ्यास सरकारच्या कामी आला याचा आनंद मान. सरकारी कचेरीला नकाशा पाठवल्याचं पत्र त्यांनी दाखवलं. त्याखाली माझी सही आहे, भाऊ. शिष्यवृत्तीच्या कागदांत ते पत्र होतं आणि मी न वाचता सही केली.

नोटिशीत वस्ती तीन वर्षांची म्हटली आहे. पण मी घरोघरी भरलेल्या पत्रकांत प्रत्येक घर कोणत्या साली बांधलं ते लिहिलेलं आहे. बहुतेक बारा-पंधरा वर्षांची आहेत, आणि इतकी जुनी घरं अशी सरसकट हटवता येत नाहीत. ती घेऊन निघते. सर म्हणाले, नेलीस तर परत येऊ नकोस. आल्यावर आधी सुकरीबाईच्या दारात जाऊन सगळं सांगेन, मग आपल्या घरी.

तुमच्या संशयाला पात्र ठरलेली,
सत्यशीला

चंद्रपूर, २० जून १९८४

चि. सत्यशीलेस जयभीम व आशीर्वाद.

नागपूरच्या कॉलेजात तुले शिकवायचं काम भेटलं, बरं झालं. इथी निकाल लागला. तू सुनावणीत दाखवलेले कागद मानले. वस्ती राह्यली, नाल्याकडची सोळा घरं तेवढी तुटतीन. त्यात आपलंबी आहे. रडू नको. सुकरीबाईनं तिच्या आंगणात झोपडं बांधायले जागा देली.

तुह्यावरचा तिचा राग गेला नाई. पण काल विचारत होती, वस्तीच्या अभ्यासाचं पुस्तक पुरं करते का म्हणून. लिही म्हणते, पण लिहिलेलं अगोदर वस्तीत बसून वाचून दाखवायचं, मगच साहेबलोकांले द्यायचं. मी म्हटलं, बाई, आता एवढा अविश्वास काऊन? मग घरी येऊन विचार केला. मीबी तिच्याच मताचा आहो.

वाचायले कवा येतं ते कळव.

तुहा भाऊ,
लटारू