पुढच्या फेरीत नाही

रुवैस, शुक्रवार संध्याकाळ

सईला शाळेत मेक्सिकोवर प्रोजेक्ट आहे. मी फोनवर शोधून तिला तिथला एक जुना धावपटू दिला, देशाच्या अगदी सुरुवातीच्या ऑलिंपिक संघातला. त्याची अख्खी कारकीर्द एका ओळीत: आठशे मीटर, पहिली शर्यत, पुढच्या फेरीत नाही.

पुण्याहून ती म्हणाली, "बाबा, हा तर हरला! दुसरा कुणीतरी दे ना." मी बरं म्हणालो. का म्हणालो? कॉलेजात असताना मीही आठशेच पळायचो आणि पहिल्याच शर्यतीत बाद व्हायचो, हे तिला माहीतच नाही.

आता मी इथे आखातात, रिफायनरीत सेफ्टीला. प्लांटमध्ये पळायला बंदी. आज ड्रिलचा भोंगा वाजला तेव्हा घसा फोडून ओरडत होतो, "भागो मत, चलके जाओ!"

पुढच्या फेरीत नाही. निदान त्याचं कुणीतरी एवढं तरी लिहून ठेवलंय.

मघाशी राहतो त्या कॅम्पच्या कुंपणाच्या कडेने पळालो. एकच फेरी, पण पूर्ण. धापा टाकतच सईला फोन लावला, आज सगळं सांगायचंच म्हणून.

ती घाबरली. "बाबा, कुणी मागे लागलंय का?"

"नाही गं," म्हणालो. "कुणीच नाही."