खवट तेलाचा डबा

चाकण, गुरुवार, १८ ऑगस्ट १९७७

मानमोडी नाही. छातीवरचा धोंडा उतरला. कालपासून कोंबड्यांची तीन आठवड्यांची पिल्लं माना मागं टाकून कोलमडत होती. मानमोडीची साथच आली, असं धरून मी सगळी पुरायला खड्डासुद्धा खणला होता.

गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पिल्लांपेक्षा खाद्याजवळच्या तेलाच्या डब्याकडंच जास्त बघत होते. "खाद्यात हे काय घालता?" आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमधलं, भजी तळून उरलेलं तेल, मी म्हणालो. पिल्लं लवकर भरावीत म्हणून. त्यांनी हुंगून डबा लांब धरला. "खवट तेल ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं, भाऊ. असं तेल जेवढं घालाल, तेवढं ते जीवनसत्त्व पिल्लाला जास्त लागतं. तेल बंद करा, औषध पाण्यातून द्या. हा पसरणारा रोग नाही."

चार गेली. बाकीची संध्याकाळी नीट दाणे टिपत होती.

बायकोनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं, "आवं, वास येतोय त्येला." तेलाला वास असायचाच, म्हणालो. मला कसा आला नाही?

खड्डा तयारच होता, तेल त्यात ओतलं. मशीनला जुनं तेल घातलं म्हणून परवाच शिफ्टमध्ये एकाला झापलं होतं मी.