मौन पाळण्याविषयी गावशाखेचा अहवाल

बौद्धवाडी, मिठबाव

आदरणीय भाईंस,

धाकट्या भावाचा सविनय जय भीम. तुमची शुगर आणि वहिनींचा गुडघा, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. (सिद्धेशचं तुम्हाला माहीतच आहे. मुंबईची नोकरी गेल्यापासून माझा हा चिरंजीव मागच्या खोलीत पडून असतो. विचारलं तर नुसतं हं म्हणतो. पाणी बदललंय, दुसरं काही नाही.)

विहाराचं सभागृह रविवारी तरुणांच्या ध्यानाला द्यायचं की पूर्वीसारखं गावशाखेच्या बैठकीला, हे मुंबई शाखा माझ्या अहवालावरून ठरवणार, असा तुमचा निरोप मिळाला. गावच्या चिटणिसाला कोणीतरी काहीतरी विचारलं, याबद्दल आभारी आहे.

हे सगळं खूळ तन्वीचं, म्हणजे आपल्या नर्मदाकाकींच्या नातीचं. ती कोल्हापूरला मानसशास्त्र शिकली आणि परत येऊन तिने शोध लावला की वाडीतल्या पोरांना मन असतं. आपण मन वगैरे न बाळगताच वाढलो, आपलं काय बिघडलं? (तुमचा रक्तदाब आणि माझं पित्त सोडून.) तिचं म्हणणं, कार्यक्रम नको. चपला काढायच्या, बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं आणि नंतर ज्याला वाटेल त्याने बोलायचं. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभार नाहीत. असं कधी झालंय का आपल्याकडे? मग पहिल्या रविवारी मीच त्याला शिस्त लावली. त्रिशरण, पंचशील झाल्यावर अध्यक्षांचं स्वागत ठेवलं, मग उपाध्यक्षांचं. (माजी अध्यक्षांचं नाव राहिलं म्हणून ते रुसून पायरीवर जाऊन बसले. त्यांना आत आणण्यात बराच वेळ गेला.) त्यानंतर मौनाचं महत्त्व या विषयावर सर्व पदाधिकाऱ्यांची भाषणं झाली. मीही थोडक्यात बोललो. म्हणजे इतकं थोडक्यात, की समोरच्या पोरांचे डोळे आपोआप मिटले आणि ध्यान लागल्याचं मी माइकवरून जाहीर केलं. अध्यक्ष रागावर ताबा कसा मिळवावा हे ओरडून सांगत असताना वीज गेली, माइक बंद पडला आणि तन्वीने ती संधी साधून सगळ्यांना डोळे मिटायला लावले.

नाही म्हणायला शांतता झाली. खाली किनाऱ्यावर फुटणारी लाट विहारात ऐकू येते, हे मला या वयात कळलं. मी डोळे उघडेच ठेवले होते, कारण कोण श्वास घेतंय आणि कोण नाही हे कुणीतरी पाहायला हवं. माजी अध्यक्षांची समाधी तर एवढी गाढ लागली की ती शेजारच्या आंबराईपर्यंत ऐकू गेली असेल. मग तन्वी म्हणाली, आता मन मोकळं करा. त्यावर त्यांनी जागे होऊन वाडीच्या रखडलेल्या रस्त्याबद्दल मन मोकळं केलं आणि संबंधितांचा निषेध नोंदवला.

आणि मग सिद्धेश बोलला. (तन्वीने घरी येऊन त्याला उठवून नेलं होतं. आम्हाला ते इतके महिने जमलं नव्हतं.) मान खाली घालून म्हणाला, "माका नीज लागणा नाय. उजाडला काय भीती वाटता. घरात कोणाक सांगू?"

मी लगेच उभा राहिलो. शाळेपासून त्याच्या वतीने मीच बोलत आलो आहे, तसं खुलासा करायला लागलो, की पोरगा बरा आहे, पाणी बदललंय एवढंच. तन्वी आवाज न चढवता म्हणाली, "वायच थांबा, काकानू. तेका बोलांदेत."

चिटणिसाला भर सभेत खाली बसवण्यात आलं, याची नोंद घ्यावी. सिद्धेश पुढे बराच वेळ बोलला. काय बोलला ते अहवालात देत नाही, कारण तिथलं बाहेर न्यायचं नाही असा त्या पोरीचा नियम आहे. जानकी माझ्या शेजारीच होती. बायकोकडे बघायचा मला धीर झाला नाही.

सबब, सदर उपक्रमात शिस्त नाही, पदाधिकाऱ्यांचा मान राखला जात नाही आणि चहासुद्धा सगळं संपल्यावर मिळतो. सभागृह पूर्ववत गावशाखेस द्यावं, अशी शिफारस करतो.

आपला,
गुरुदास
चिटणीस, गावशाखा

ता. क. मुंबईच्या सभेत हा अहवाल सहीपर्यंतच वाचा. शिफारस अध्यक्षांनी माझ्यासमोर बसून लिहून घेतली आहे.

ता. क. दुसरा. सिद्धेश आता कणकवलीच्या डॉक्टरांकडे जातो. मी सोबत जातो आणि बाहेर बाकावर बसतो. रविवारी विहारात मीही मागच्या चटईवर बसतो आणि बोलत नाही. (जानकीचा यावर अजून विश्वास नाही.) पाण्याचं मी लिहिलं ते खरं धरू नका. पोरगा माझ्या डोळ्यांदेखत हातचा जात होता, भाई, आणि मला अजून भीती वाटते. आठवड्यातला तो एकच दिवस तो स्वतःहून उठतो, अंघोळ करतो आणि बाहेर पडतो. तेवढा रविवार काढून घेऊ नका. माझा अहवाल फेटाळून लावा. कुणी कारण विचारलंच, तर तुम्ही थोरले आहात, सगळ्यांसमोर सांगून टाका, "गुरुदासाक काय कळता."