आधी सवणं

परभणी, फेब्रुवारी १९४३

प्रिय कमलअक्का,

मायना लिहीत बसत नाही. चार वर्षांनी धाकट्या बहिणीचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घालशील, घाल. पण पत्र चुलीत टाकू नकोस.

गेला महिनाभर आमच्या घरात एकच वाद चालला होता. लढाईपायी घासलेट चिठ्ठीवर मिळायलंय, सर्पण महागलं, आणि पाणक्याचा तोरा तर विचारूच नकोस. खर्च आवरायला घरात यंदा एक सुधारणा करायची, पण आधी कोणती? अंगणात आड खोदला तर पाणक्या सुटेल. चुलीला वैल घातला तर एका जाळावर दोन भांडी शिजतील. आणि स्वयंपाकघराच्या माळवदाला उजेडासाठी सवणं, म्हणजे वर उघडं भोक, पाडलं तर भर दिवसा चिमणी जाळायला नको. आमचं ते अंधारं स्वयंपाकघर तुला आठवत असेल. तिथंच तू एकदा वरणात मिठाऐवजी साखर घातली होतीस आणि सगळे मुकाट जेवले होते.

माझं म्हणणं, आधी सवणं. आमच्या ह्यांचं म्हणणं, आधी वैल. सवण्याचं नाव काढलं की हे तडकायचे. पाऊस आत येईल, चोर उतरेल, वानरं येतील. एरवी भाजी अळणी झाली तरी तोंड न उघडणारा माणूस. मला वाटलं, तहसील कचेरीतला ताप घरी निघायलाय. मग हे साहेबांबरोबर झरीकडं दौऱ्यावर गेले आणि मुंजाजी गवंडी आला, तेव्हा मी त्याला सरळ माळवदावर चढवलं. धुरानं डोळे माझे जायलेत, तर एवढा हुकूम मी करू शकते.

माती खाली पडली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मागची भिंत दिसली. उतरंडीच्या वर, माझा हात पोचत नाही तिथं, एक कोनाडा होता. उखळ पालथं घालून चढले. आत लाल फितीनं बांधलेला गठ्ठा.

अक्का, त्यात तुझी सात पत्रं होती. आणि टपालात टाका म्हणून मी ह्यांच्या हाती दिलेली माझी नऊ. प्रत्येकावर ह्यांच्या सुबक उर्दूत तारीख टाकलेली. झडती झाली तरी पोलीस सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात शिरणार नाहीत म्हणून जागा ती निवडली. आणि कागद म्हणून फाडायचा नाही, हा कचेरीतला धर्म, म्हणून जाळलं काहीच नाही. हाडाचे कारकून.

गोविंदराव दाजी सत्याग्रहात तुरुंगात गेले, तू वाशीमला त्यांच्या काकांकडं गेलीस, तेव्हापासून तुझी पत्रं बंद झाली. हे म्हणाले होते, आता ती मोठी माणसं, तुझी आठवण कशाला ठेवतील. मी ते खरं धरलं. मनातल्या मनात तुला लय वाईट बोलले गं.

हे दौऱ्यावरून आल्यावर मी गठ्ठा ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हणाले, सत्याग्रहीच्या घरी पत्रं जातात-येतात हे कचेरीत कळलं असतं तर नोकरी गेली असती. गेली असती, खरंच. मला सांगितलं असतं तर मीच लिहायची थांबले असते. पण चार वर्षं मी तुझ्यासाठी रडायचे आणि हा माणूस समोर बसून दुसरी भाकर मागायचा. मला राग नाही येत, ह्यांची किळस येते.

तुझं शेवटचं पत्र चार वर्षांपूर्वीच्या माघातलं आहे. दोन लेकरं गेली, आता चैत्रात दिवस भरतील, आई नाही, तेव्हा बाळंतपणाला तू ये, असं त्यात लिहिलंस. पुढं लिहिलंस, येताना तुझं जुनं मऊ लुगडं आण, बाळाला आधी त्यातच गुंडाळीन, मावशीच्या लुगड्यातलं पोर जगतं म्हणतात. ते लुगडं अजून माझ्यापाशी आहे. काल त्याचं दुपटं शिवायला घेतलं आणि मग ध्यानात आलं, लेकराचं आता चौथं वर्ष सरत असेल, दुपट्यात कसं मावेल? हे पत्र मी स्वतः डाकघरात नेऊन टाकणार. उत्तर ह्या घरी पाठवू नकोस, शेजारच्या नर्मदाबाईंच्या नावानं पाठव. लुगड्याचा परकर शिवू की सदरा, एवढंच लिही. आणि दोन्ही नको असतील, तर तसंही लिही. मी तरी येणारच आहे.

तेव्हाही होते, अजूनही आहे,
तुझीच
विमल